एकशें आठ टाक्यांचा चेंडू

सन २०२४ च्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंत एका जुन्या करड्या सदऱ्याचा लिलाव होऊन त्यास दोन कोटी एक्केचाळीस लक्ष वीस हजार डॉलर इतकी किंमत आली. आपल्या हिशेबानें ही रक्कम सुमारें दोनशें कोटी रुपये भरते. सदरा कोणा बादशहाचा नव्हता, कीं त्यास जरीचा कांठही नव्हता. बेब रूथ नांवाच्या बेसबॉलपटूनें १ ऑक्टोबर १९३२ रोजीं शिकागो शहरांतील एका सामन्यांत तो अंगांत घातला होता, एवढाच काय तो त्याचा मोठेपणा.

त्या सामन्याची हकीकत अशी. रूथ हा न्यूयॉर्कच्या यांकी संघाचा सर्वांत दांडगा फलंदाज. शिकागोचे खेळाडू आणि प्रेक्षक त्याची यथेच्छ टर उडवीत होते. समोर चार्ली रूट नांवाचा गोलंदाज होता. दोन चेंडू वायां गेल्यावर रूथनें हात उंचावून बोट दाखविलें, आणि थोड्याच वेळांत असा टोला हाणला कीं चेंडू समोरचें कुंपण ओलांडून प्रेक्षकांत जाऊन पडला. जेथें बोट दाखविलें तेथेंच चेंडू धाडला, ही वार्ता वृत्तपत्रांतून हां हां म्हणतां देशभर पसरली. परंतु बोट कुंपणाकडे होतें, कीं टर उडविणाऱ्या खेळाडूंकडे, कीं 'अजून एक चेंडू शिल्लक आहे' एवढेंच त्यास सुचवावयाचें होतें, याचा निर्णय आजतागायत झालेला नाहीं. रूटनें तर ती कथा आपल्या हयातींत कधींच मान्य केली नाहीं. एका प्रेक्षकानें घेतलेली चित्रफीत अनेक वर्षांनीं उजेडांत आली. तींत हात वर झालेला दिसतो, पण त्याचा रोख कळत नाहीं. तेव्हां दोनशें कोटी रुपये पडले ते सदऱ्याचे नव्हत, बोटाचे. आणि तेंही संशयित बोटाचे!

आमच्या मतें बेसबॉलच्या इतिहासांतील वस्तू पाहतांना हें एक पथ्य पाळलेंच पाहिजे. वस्तु खरी असते, पण तिच्यासंगें सांगितली जाणारी गोष्ट खरी असेलच असें नाहीं. आणि ज्यांची वस्तु कोणी जपली नाहीं, ज्यांचा आंकडा कोणी मांडून ठेविला नाहीं, त्यांचें काय झालें, हेंही विचारलें पाहिजे. या दुसऱ्या प्रश्नाकडे आम्ही पुढें वळणार आहोंत. तत्पूर्वी खेळाची थोडी ओळख करून घेणें बरें.

आपल्या चेंडूफळीशीं या खेळाचें दूरचें नातें आहे. दोन्ही पक्षांस नऊ नऊ गडी आणि नऊ नऊ डाव. पटावर चौकोन करून चार ठाणीं मांडलेलीं असतात. त्यांस बेस म्हणतात. दोन ठाण्यांमध्यें नव्वद फुटांचें अंतर. चेंडू टाकणारा साडेसाठ फुटांवरून चेंडू फेंकतो, तो जमिनीवर टप्पा न घेतां येतो. फलंदाजानें तो गोल दांडक्यानें मारावा आणि ठाण्यामागून ठाणें गांठीत मूळ जागीं परत यावें, म्हणजे एक धाव झाली. तिसरा चेंडू वायां दवडला कीं तो बाद. चेंडू कुंपणापार गेला तर चारी ठाण्यांची प्रदक्षिणा निर्धास्तपणें करतां येते. त्यास होमरन म्हणतात. एवढें ध्यानीं ठेविलें तरी पुढील मजकूर समजण्यास पुरे.

चेंडूचेंही वर्णन ऐकण्यासारखें आहे. वजन पांच ते सव्वापांच औंस, घेर नऊ ते सव्वानऊ इंच. पोटांत बुचाचा व रबराचा गाभा, त्यावर लोकरीच्या सुताचे वेढे, आणि वर पांढऱ्या कातड्याचे दोन तुकडे तांबड्या दोऱ्यानें जोडलेले. ही शिवण अद्यापि हातानेंच होते. अमेरिकेच्या मोठ्या सामन्यांचे चेंडू मध्य अमेरिकेंतील कोस्टा रिका या लहानशा देशांतील कारागीर शिवतात. दुहेरी टाके मोजले तर ते बरोबर एकशें आठ भरतात. जपमाळेचे मणी तितकेच! हा शुद्ध काकतालीय न्याय होय, त्यांतून कोणी गूढार्थ काढूं नये. शिवाय कातडें १९७४ पावेतों घोड्याचें असे व पुढें गाईचें आलें, हें कळल्यावर जपमाळेची उपमा आमच्या वाचकांस फारशी रुचणारही नाहीं. आपल्या तांबड्या चेंडूचें कुळ तरी निराळें कोठें आहे?

या शुभ्र चेंडूस सामन्यापूर्वीं चिखल चोळतात, ही मौज पुष्कळांस ठाऊक नसेल. न्यू जर्सी प्रांतांत डेलावेअर नदीच्या एका फांट्याकांठीं तो चिखल मिळतो. जागा गुप्त राखलेली आहे. १९३८ पासून हा प्रघात सुरू झाला. कारण नवा चेंडू बोटांतून निसटतो. आणि नवा चेंडू वारंवार घेण्याची पाळी कां आली, यामागें एका तरुणाचा मृत्यु आहे. पूर्वीं एकच चेंडू काळाकुट्ट होईपर्यंत वापरीत; त्यावर तंबाखूची थुंकी व माती चोळून तो मुद्दाम मळविण्यांतही येई. १६ ऑगस्ट १९२० रोजीं न्यूयॉर्कमध्यें कार्ल मेज यानें टाकलेला चेंडू क्लीव्हलंड संघाच्या रे चॅपमन या खेळाडूच्या कपाळाशेजारीं बसला. चेंडू त्यास दिसलाच नसावा, कारण तो जागचा हललाही नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे तो वारला. मोठ्या सामन्यांत चेंडू लागून प्राण गेलेला असा तो एकटाच. तेव्हांपासून मळलेला चेंडू तत्काळ बदलूं लागले. चॅपमनच्या स्मरणार्थ क्लीव्हलंडच्या रसिकांनीं वर्गणी काढून एक पितळी फलक करविला होता. मैदानें बदललीं, फलक अडगळींत गेला आणि २००७ सालीं एका कोठारांत सांपडला. त्यास पुन्हां घासूनपुसून भिंतीवर लाविलें आहे.

असो. आतां या खेळाच्या मुख्य देवघराकडे वळूं. न्यूयॉर्क राज्यांत एका सरोवराच्या कांठीं कूपरस्टाऊन नांवाचें गांव आहे. तेथें १२ जून १९३९ रोजीं बेसबॉलचें पदार्थसंग्रहालय उघडलें. अग्रगण्य खेळाडूंच्या नांवाचे पितळी फलक तेथें लावितात. पहिल्या निवडींत, म्हणजे १९३६ त, पांच नांवें होतीं: टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, ख्रिस्ती मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन. संग्रहालय याच गांवीं कां? तर १८३९ त ॲबनर डबलडे यानें हा खेळ येथें निर्माण केला म्हणून. ही समजूत एका समितीनें कायम केली. खेळाच्या सामानाचे मोठे व्यापारी अल्बर्ट स्पॉल्डिंग यांस हा खेळ इंग्रजांकडून आला हें मानवत नव्हतें. त्यांच्या खटपटीनें १९०५ त समिती बसली व १९०७ च्या अखेरीस तिनें डबलडेच्या पारड्यांत माप टाकलें. आधार कोणता? डेन्व्हर येथील एका वृद्ध खाण-अभियंत्यानें धाडलेलें पत्र. ज्या सालची ही आठवण, त्या सालीं हा गृहस्थ पांच वर्षांचा होता! स्वतः डबलडे त्या वेळीं वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयांत शिकत होता. पुढें तो यादवी युद्धांत सेनानी झाला, १८९३ त वारला, आणि आपण एखादा खेळ काढला असें त्यानें कोठेंही लिहून ठेविलेलें नाहीं. शब्दप्रमाण मानावयाचें तर शब्द आप्ताचा असावा लागतो, एवढी साधी गोष्ट समितीस सुचली नाहीं. मीमांसकांच्या भाषेंत हा निव्वळ अर्थवाद झाला.

नवल याचें कीं अर्थवादास लवकरच वस्तूची जोड मिळाली. १९३४-३५ च्या सुमारास कूपरस्टाऊनजवळील एका शेतघरांतील पेटींत त्या पत्रलेखकाच्या मालकीचा एक फाटका चेंडू निघाला. स्टीफन क्लार्क या स्थानिक धनिकानें तो पांच डॉलरांस घेतला. हें घराणें सिंगरच्या शिवणयंत्रावर गबर झालेलें. फाटक्या शिवणीचा चेंडू त्याच्याच हातीं यावा! हाच 'डबलडेचा चेंडू' म्हणून संग्रहालयाचा प्रारंभ. वास्तविक इंग्लंडांत बेसबॉल हा शब्द अठराव्या शतकापासून आढळतो आणि न्यूयॉर्कच्या निकरबॉकर मंडळानें १८४५ त नियम लिहून काढले होते. हल्लीं संग्रहालयही डबलडेची कथा खरी असल्याचें सांगत नाहीं. डबलडेचा फलक तेथें नाहीं. चेंडू मात्र आहे. तो टाकून दिला नाहीं हें आम्हांस आवडतें. एका राष्ट्रास आपल्या आवडत्या खेळाचें मूळ घरींच असावेंसें किती उत्कटतेनें वाटलें, याचा तो अस्सल पुरावा आहे.

होनस वॅग्नरच्या चित्राची गोष्ट याहून लहान, पण बोधक. १९०९ पासून एक तंबाखूची कंपनी सिगारेटच्या पाकिटांत खेळाडूंचीं चित्रें घालूं लागली. वॅग्नरनें आपलें चित्र छापूं दिलें नाहीं. मुलांनीं चित्रासाठीं सिगारेट विकत घेऊं नये म्हणून, असें कोणी म्हणतात. मोबदला न मिळाल्यामुळें, असें दुसरे म्हणतात. तो स्वतः तंबाखू चघळीत असे, तरीही पहिलें कारण अशक्य नाहीं. छपाई थांबण्यापूर्वीं निघालेल्या प्रतींपैकीं आज साठेक शिल्लक आहेत आणि त्यांतील एक २०२२ त साडेबाहत्तर लक्ष डॉलरांस गेली. सर्वांत देखणी समजली जाणारी प्रत मात्र कडा कातरून देखणी केलेली निघाली. ज्या व्यापाऱ्यानें कातर चालविली त्यानेंच २०१३ त न्यायालयांत तसा कबुलीजबाब दिला.

किंमतीच्या या गोष्टींतून लू गेरिगकडे येतांना मन निवतें. न्यूयॉर्कच्या एका गरीब जर्मन कुटुंबांतला हा मुलगा रूथच्या संघांत खेळे. रूथ गाजावाजाचा, खाण्यापिण्याचा. गेरिग अबोल, घरकोंबडा. १ जून १९२५ पासून ३० एप्रिल १९३९ पावेतों तो एकही सामना चुकला नाहीं. ओळीनें २१३० सामने! बोटें मोडलीं, पाठ धरली, तरी नित्यकर्मास चुकत नाहीं तसा तो मैदानावर हजर. १९३९ च्या वसंतांत त्याच्या हातून साधे चेंडू सुटूं लागले. कोणी बोट दाखविण्यापूर्वींच २ मे रोजीं डेट्रॉइट येथें त्यानें आपल्या संघाच्या व्यवस्थापकास सांगितलें, कीं आज मला वगळा. जूनमध्यें मेयो येथील वैद्यांनीं निदान केलें तेव्हां त्यास छत्तिसावें वर्ष संपलें होतें. मज्जातंतु क्रमाक्रमानें मृत होऊन स्नायू निकामी करणारा तो असाध्य रोग. अमेरिकेंत तो आज गेरिगच्याच नांवानें ओळखला जातो.

४ जुलै १९३९ रोजीं दोन सामन्यांच्या मधल्या वेळांत त्याचा निरोपसमारंभ झाला. साठ हजारांवर लोक जमले होते. भेटवस्तू हातांत धरण्याचें बळ नसल्यानें तो त्या जमिनीवर ठेवीत होता. प्रथम त्यास बोलवेना. मग कागदाविना तो थोडें बोलला. आपण स्वतःस पृथ्वीवरील अत्यंत भाग्यवान मनुष्य समजतों, असा त्याच्या बोलण्याचा भाव होता. आणि मग त्यानें ज्यांचे आभार मानले त्यांत मैदानावरचे माळी आणि आपली सासू हींही होतीं. पुष्कळ दिवस त्याच्याशीं अबोला धरलेल्या रूथनें पुढें होऊन त्यास मिठी मारली. त्याच्या पाठीवरचा ४ हा आंकडा पुन्हां कोणास देऊं नये असें ठरलें. मोठ्या सामन्यांत असा मान मिळालेला तो पहिलाच. २ जून १९४१ रोजीं तो वारला. आश्चर्य हें, कीं ज्या भाषणास अमेरिकन लोक आपल्या उत्तम भाषणांत गणतात, त्याची संपूर्ण चित्रफीत कोणापाशींच नाहीं. मोजकीं वाक्यें तेवढीं उरलीं आहेत, बाकीचें वृत्तपत्रांवरून जुळविलेलें आहे. त्याच्या २१३० सामन्यांचा उच्चांक छप्पन वर्षांनीं, ६ सप्टेंबर १९९५ रोजीं, कॅल रिपकेननें ओलांडला.

येथें एक आडवळण घेण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. त्या काळीं मो बर्ग नांवाचा एक कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या पाठीशीं उकिडवा बसून चेंडू झेलणारा गडी, होऊन गेला. खेळांत तो बेताचा. पण प्रिन्स्टन विद्यापीठांत त्यानें लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, जर्मन इत्यादि भाषांबरोबर संस्कृताचेंही अध्ययन केलें होतें! सात भाषा येतात, पण एकींतही चेंडू मारतां येत नाहीं, अशी त्याची थट्टा होत असे. पुढें महायुद्धांत हाच गृहस्थ अमेरिकेचा हेर झाला. डिसेंबर १९४४ मध्यें झूरिक येथें जर्मन शास्त्रज्ञ हायझेनबर्ग याच्या व्याख्यानास तो खिशांत पिस्तूल घेऊन बसला होता. जर्मनांचा अणुबाँब तयार होत आल्याचें दिसल्यास वक्त्यास तेथेंच गोळी घालावयाची होती. त्यास तसें दिसलें नाहीं, व पिस्तूल खिशांतच राहिलें. सरकारनें देऊं केलेलें पदक त्यानें नाकारलें. तें त्याच्या पश्चात् बहिणीनें स्वीकारलें आणि आतां कूपरस्टाऊनच्या संग्रहांत आहे. धातु, प्रत्यय घोकलेला मनुष्य कोठें कोठें जाऊन पोंचतो!

आतां तो दुसरा प्रश्न. वर सांगितलेल्या रूथ, कॉब, वॅग्नर, गेरिग यांच्या काळीं मोठ्या सामन्यांचें दार काळ्या वर्णाच्या खेळाडूंस बंद होतें. तसा लेखी नियम नव्हता. मालकांची आपसांतली समजूत होती, आणि समजूत नियमाहून चिवट असते. १८८४ त मोझेस फ्लीटवुड वॉकर टोलेडोच्या संघांत खेळला, त्यानंतर साठांहून अधिक वर्षें कोणी नाहीं. काळ्या खेळाडूंनीं आपले निराळे संघ व १९२० पासून आपल्या निराळ्या स्पर्धा उभ्या केल्या. अखेर १५ एप्रिल १९४७ रोजीं ब्रुकलिनच्या मैदानावर जॅकी रॉबिन्सन उतरला. त्यास घेणाऱ्या ब्रँच रिकी या चालकानें आधींच बजावलें होतें, कीं शिव्या मिळतील, चेंडू अंगावर येतील, पण प्रत्युत्तर करावयाचें नाहीं. रॉबिन्सन मूळचा तापट; तरी त्यानें तें व्रत पाळलें आणि त्या वर्षींचा उत्कृष्ट नवा खेळाडू ठरला. त्याचा ४२ हा आंकडा १९९७ पासून कोणत्याही संघांत कोणास नव्यानें देत नाहींत. मात्र दरवर्षीं १५ एप्रिलला सर्वच खेळाडू तो पाठीवर धारण करतात.

दार उघडलें तरी उंबरठा राहिलाच. सॅचेल पेज हा त्या निराळ्या संघांतला असामान्य गोलंदाज. मोठ्या सामन्यांत प्रवेश मिळाला तेव्हां, म्हणजे १९४८ त, त्याचें वय बेचाळीस होतें. १९७१ त कूपरस्टाऊनसाठीं त्याची निवड झाली, तेव्हां त्याचा फलक वेगळ्या दालनांत लावण्याचा विचार होता! स्वर्गांतही पंक्तिभेद. लोकांनीं ओरड केली, तेव्हां तो इतरांच्या ओळींत आला. पुढें हँक ॲरन हा रूथच्या ७१४ होमरनच्या उच्चांकाजवळ आला, आणि त्यास खुनाच्या धमक्यांचीं पत्रें येऊं लागलीं. ८ एप्रिल १९७४ रोजीं अटलांटा येथें त्यानें ७१५ वा टोला मारला. त्या दिवसाचा चेंडू जगानें जपला. ॲरननें तीं पत्रेंही जपून ठेविलीं. दोहोंत अधिक मोलाचा ऐवज कोणता, हें आम्हीं सांगावयास नको.

ॲरनचा ७५५ चा आंकडा ७ ऑगस्ट २००७ रोजीं बॅरी बाँड्स यानें मागें टाकला. बाँड्सवर शक्तिवर्धक औषधांचा संशय होता. तो चेंडू कपड्यांच्या एका कारखानदारानें साडेसात लक्ष डॉलरांस घेतला, त्याचें काय करावें यावर लोकांचीं मतें मागविलीं, आणि बहुमतानुसार त्यावर तारकाचिन्ह डागून तो संग्रहालयास दिला. तारका म्हणजे 'तळटीप पाहा'. विनोद मार्मिक आहे खरा. परंतु ज्या सामन्यांत कित्येक उत्तम गोलंदाजांस पाऊल ठेवूं दिलें नाहीं, त्या सामन्यांतील रूथच्या ७१४ टोल्यांवर आणि कॉबच्या आंकड्यांवर एकही तारका कोणीं उमटविली नव्हती.

जॉश गिब्सन याची हकीकत त्या न लिहिलेल्या तळटिपेचीच आहे. १९११ त जॉर्जिया प्रांतांत जन्मलेला हा कॅचर पिट्सबर्गकडच्या काळ्या संघांतून खेळला. त्यास 'काळा रूथ' म्हणत. रूथ हाच गोरा गिब्सन होय असें म्हणणारेही होते. कूपरस्टाऊनच्या त्याच्या फलकावर सुमारें आठशें होमरन लिहिले आहेत. पण त्यांत गांवोगांवचे किरकोळ सामने धरलेले, आणि पक्क्या सामन्यांचें टिपण विस्कळीत. गोऱ्या वृत्तपत्रांस हे सामने छापण्याजोगे वाटत नव्हते. काळ्या समाजाचीं साप्ताहिकें जमेल तेवढें छापीत. २० जानेवारी १९४७ रोजीं, म्हणजे रॉबिन्सन मैदानावर उतरण्यापूर्वीं तीन महिनेही नाहींत तोंच, गिब्सन पस्तिसाव्या वर्षीं वारला.

पुढें हौशी संशोधकांनीं तीं जीर्ण साप्ताहिकें चाळून एकेका सामन्याचा धावफलक वेंचण्याचें काम अनेक वर्षें चालविलें. पोथ्यांचे पाठभेद जुळविणाऱ्यांस या श्रमाची कल्पना येईल. डिसेंबर २०२० मध्यें त्या जुन्या स्पर्धांस मोठ्या सामन्यांचा दर्जा देण्यांत आला, आणि मे २०२४ मध्यें त्यांचे आंकडे अधिकृत वह्यांत चढले. फलंदाजाच्या हजार संधींमागें यशस्वी टोले किती, हें या खेळांतलें प्रमुख माप. टाय कॉबचें ३६७ हें प्रमाण जवळजवळ शंभर वर्षें अढळ मानलें जात होतें. आतां त्याच्या वर गिब्सनचें ३७२ आहे. एका हंगामाच्या उच्चांकांतही १८९४ चें ह्यू डफीचें ४४० खालीं जाऊन १९४३ चें गिब्सनचें ४६६ वर आलें. त्या हंगामांचे सामने थोडे होते, तुलना रास्त नाहीं, असा आक्षेप निघाला. सामने थोडे होते हें खरेंच. पण ते थोडे कोणामुळें होते, हें आक्षेपकांनीं सांगितलें नाहीं.

पिट्सबर्गच्या एका स्मशानभूमींत गिब्सनला पुरलें, त्या जागीं अठ्ठावीस वर्षें कांहींच खूण नव्हती. १९७५ त एक लहानसा दगड बसविण्यांत आला. त्यावर त्याचें नांव आहे, जन्ममृत्यूचीं सालें आहेत आणि तो ख्यातनाम बेसबॉलपटू होता एवढेंच कोरलें आहे. आंकडा एकही नाहीं. तो वहींत चढण्यास त्यानंतर आणखी एकोणपन्नास वर्षें लागलीं.